पूर्ण वेढा

आसेगावच्या जिल्हा परिषद शाळेत पंचफुलाबाई अकरा वर्षांपासून पोषण आहाराची खिचडी शिजवत होत्या. सकाळी नवाला त्या शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये यायच्या, दोन मोठे गंज चढवायच्या आणि साडेबारापर्यंत एकशे चाळीस पोरांचं जेवण तयार ठेवायच्या. पोरांना वाढण्याआधी स्वयंपाकिणीनं स्वतः चव घ्यायची असा नियम होता. पंचफुलाबाई तो पाळायच्या, पण चार घास पोटात गेले की अर्ध्या तासात छातीत आग उठायची. गंज उतरवायला वाकलं की आंबट-कडू पाणी थेट तोंडात यायचं. त्या शेडच्या मागं जाऊन थुंकायच्या, चूळ भरायच्या आणि परत कामाला लागायच्या.

सात-आठ वर्षं हे असंच चाललं होतं. आधी खायचा सोडा झाला, मग मंगरुळपीरच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी आग कमी व्हायची, पाणी वर यायचं काही थांबत नव्हतं. आडवं पडलं की ते घशाशी येऊन ठसका लागायचा. म्हणून त्या भिंतीला टेकून, पाठीशी सोयाबीनचं अर्धं पोतं ठेवून बसल्या बसल्याच झोपायच्या. नवरा जगदेव आणि मुलगी योगिनी यांना त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या पाहुण्यानं विचारलं तरच त्यांना ती गोष्ट वेगळी वाटायची. चार एकर कोरडवाहू होती, खाऊनपिऊन बरं चाललं होतं. योगिनी मंगरुळपीरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. शेवटी तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं, की आता याला ऑपरेशनच लागेल, शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा.

तिथं त्यांची गाठ डॉ. पवनशी पडली.

पवन रिसोड तालुक्यातल्या रिठदचा. एम.बी.बी.एस. होऊन तो आता सर्जरीच्या तीन वर्षांच्या शिक्षणातल्या दुसऱ्या वर्षाला होता. ओ.पी.डी.त वाशीम जिल्ह्यातला पेशंट आला की तो आपसूक वऱ्हाडीत बोलायला लागायचा आणि पेशंटच्या खांद्यावरचं अर्धं ओझं उतरायचं. पंचफुलाबाईंना तो पहिल्याच दिवशी मावशी म्हणाला. जगदेवनं त्याला गाव विचारलं. मग रिठदमधल्या दोन-चार ओळखी निघाल्या आणि जगदेव निश्चिंत झाला.

शिक्षण पुरं करायला प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागतो. पवनचा विषय हेच ऑपरेशन होता. अन्ननलिका जिथं जठरात उघडते तिथली झडप सैल पडली की आम्ल वर चढतं. मग जठराचाच वरचा भाग त्या नळीच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. हा वेढा पूर्ण घालायचा, की समोरचा पाव भाग मोकळा सोडून पाऊणच घालायचा, यावर जगभरचे सर्जन कितीतरी वर्षं वाद घालत आले आहेत. पूर्ण वेढा घट्ट बसतो, पण त्यानं गिळायला अडतं, ढेकर येत नाही, पोट फुगतं. पाऊण वेढ्यात गिळणं सोपं जातं, पण आम्ल पुन्हा वर येईल अशी काहींना धास्ती वाटते. पवननं साठ पेशंट घ्यायचे होते, तीस पूर्ण आणि तीस पाऊण. कोणाला काय हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीनं ठरायचं. वर्षभरानं प्रत्येकाला दहा प्रश्न विचारून गुण मांडायचे आणि दोन्ही गटांची तुलना करायची.

यात एक अट होती. अन्ननलिकेत घास नुसता खाली पडत नाही, नळीचे स्नायू त्याला लाटेसारखे ढकलत नेतात. ज्याची ही लाट कमजोर असेल त्याला पूर्ण वेढा घालायचा नाही, कारण घट्ट दाराला धक्का द्यायला मागं जोरच नसतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी नाकातून बारीक नळी घालून तो जोर मोजायचा होता. ते मोजणाऱ्या यंत्राची नळी श्रावणात तुटली. नवी मागवली, ती आली नाही. पवनचे मार्गदर्शक सर म्हणाले, तोवर बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेवर भागवा. शेवटच्या एकोणीस पेशंटांचं तसंच भागवलं गेलं.

पंचफुलाबाई त्यातल्या शेवटच्या होत्या, यादीतल्या साठाव्या.

वॉर्डात कागद भरताना पवनचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं होतं. बोटांची कातडी ताणलेली, मेण लावल्यासारखी चकचकीत होती. मूठ पुरती वळत नव्हती. त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की बोटं जाड झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. थंडीच्या दिवसांत बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी होतात.

"थंड्या पान्यानं होते भाऊ," त्या म्हणाल्या. "गंज घासा लागतेत ना रोज."

पवननं हे पुस्तकात वाचलेलं होतं. कातडी कडक होत जाणारा एक आजार असतो. तो बोटांत दिसतो, पण आतून अन्ननलिकाही कडक करतो, आणि तशा माणसाला आम्लाचा त्रास हमखास होतो. त्यांच्या बेरियमच्या रिपोर्टातही एक ओळ होती: अन्ननलिकेची हालचाल काहीशी मंद. या दोन गोष्टी एकत्र ठेवायला त्याला फार हुशारी लागणार नव्हती. मेडिसिनच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचं, रक्ताच्या दोन तपासण्या पाठवायच्या, इतकंच करायचं होतं. पण तपासण्या बाहेर जायच्या, यायला तीन आठवडे लागायचे. दिवाळी होऊन गेली होती. या महिनाअखेरपर्यंत साठावं ऑपरेशन झालं नाही, तर वर्षभराची तपासणी प्रबंध द्यायच्या तारखेत बसत नव्हती. आणि आजार निघालाच तर बाई यादीतून बाहेर जाणार होत्या.

त्यानं बेरियमचा रिपोर्ट सरांना दाखवला. थोडी मंद सगळ्यांचीच असते, असं सर म्हणाले. बोटांबद्दल पवन काही बोलला नाही. 'इतर आजार' या रकान्यात त्यानं 'नाही' लिहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं जगदेवला बाजूला बसवून सगळं समजावलं. स्वतःच्या मनगटाभोवती जगदेवचाच दुपट्टा गुंडाळून दाखवला, असा पूर्ण आणि असा पाऊण. जगदेवनं नीट पाहिलं आणि विचारलं, "यातली चांगली कोणती?"

"दोन्ही चांगल्याच हायेत. तेच तं पाहून राह्यलो आमी."

"मंग तिले सोयीची पडन ते करा," जगदेव म्हणाला आणि दाखवलं तिथं सही केली.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंना भूल दिल्यावर सिस्टरनं पाकीट फोडलं. पूर्ण वेढा निघाला. ऑपरेशन सरांनी केलं, पवननं पोटात घातलेली दुर्बीण धरली. कुठं रक्त सांडलं नाही, टाके देखणे पडले.

त्या दिवसापासून पंचफुलाबाईंची आग गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला पवन आला, तेव्हा त्या पलंगावर सपाट झोपलेल्या होत्या, उशीसुद्धा बाजूला काढून ठेवली होती. योगिनीनं उठवायला हात पुढं केला, तर पवननंच तिला थांबवलं. जाग आल्यावर पंचफुलाबाईंनी शेजारच्या पलंगावरच्या बाईला, झाडूवालीला, जो भेटेल त्याला सांगितलं, की आठ वर्षांनी पाठ टेकली. घरी जाताना त्यांनी पवनच्या डोक्यावर हात ठेवला.

गिळायला त्रास पहिल्या दिवसापासून होता. सहा आठवडे तसं होतंच, सूज उतरली की मोकळं होईल, असं सगळ्यांनाच सांगतात. त्यांनाही सांगितलं. पेज, वरणाचं पाणी, दूध यावर त्यांनी सहा आठवडे काढले. मग तपासणीला आल्या तेव्हा पवन इमर्जन्सी ड्यूटीवर होता. दुसऱ्या एका डॉक्टरनं पाहून धीर धरा म्हणून सांगितलं. फाल्गुनात पुन्हा आल्या. तेव्हाही आणखी महिनाभर पाहू, असं सांगून परत पाठवलं. आसेगावहून मंगरुळपीर, तिथून पुढं शहर, पहाटेची एस.टी. धरून यायचं आणि पाच मिनिटांत परत फिरायचं. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. पवननं विचारलंही नाही. त्याच्या यादीत त्यांच्या नावापुढं ऑपरेशन झाल्याची खूण होती आणि वर्ष भरायला अजून वेळ होता.

वर्ष भरलं तेव्हा त्रेपन्न पेशंटांनी फोनवर नाहीतर दवाखान्यात येऊन उत्तरं दिली. सात उरले, त्यातले तिघं वाशीम जिल्ह्यातले. पवन दोन दिवसांची सुटी काढून रिठदला गेला आणि तिथून मोटरसायकलनं एकेकाचं गाव गाठायला निघाला. आसेगावला तो सकाळी अकराच्या सुमारास पोचला. घर विचारलं तर एक जण म्हणाला, बाई शाळेत असेल.

शेडमध्ये चूल योगिनी सांभाळत होती. गंजात सराटा तीच फिरवत होती. पंचफुलाबाई भिंतीशी पाट टाकून बसल्या होत्या आणि हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. पवननं त्यांना आधी ओळखलंच नाही. गालांची हाडं वर आली होती, लुगड्याच्या आत अंग आहे की नाही असं वाटत होतं. त्यांनी मात्र त्याला लगेच ओळखलं आणि उठायला लागल्या. उठताना त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

योगिनीनं सांगितलं, कॉलेज सोडून सहा महिने झाले. आईच्यानं गंज उचलवत नाही, आणि काम सोडलं तर दुसरी बाई घेतील, म्हणून ती आईच्या नावावर येते. आईचं वजन मागच्या आठवड्यात उपकेंद्रात केलं, बत्तीस किलो भरलं. ऑपरेशनच्या वेळी एकावन्न होतं.

पवन पोत्यावर बसला. त्यानं बॅगेतून फॉर्म काढला. छातीत जळजळ किती? आडवं झाल्यावर किती? जेवल्यावर किती? जळजळीनं झोपमोड होते का? शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे सहन होत नाही. जळजळीच्या सहाही प्रश्नांना त्यांनी नाही म्हटलं. औषध घ्यावं लागतं का? नाही. सहा शून्यं, सातवंही शून्य.

"गियाले तरास होते का, मावशी?"

"भाकर तं सोडलीच. दूधभात कालवून पातय करतो, तेबी इथं उभा रायते." त्यांनी छातीच्या मध्यावर हात ठेवला. "मंग पानी पेतो, तं पानीबी त्याच्यावर उभं रायते. उलटी होत नाही, ढेकर येत नाही. उभी राहून उड्या मारतो हळूहळू, तवा कवा उतरते."

"गियतानी दुखते?"

"दुखते."

पवननं दोन पाच लिहिले, पोटफुगीला चार लिहिले. गुणांच्या दहा प्रश्नांनंतर ऑपरेशनबद्दल समाधानी आहात का, असा एक शेवटचा प्रश्न होता. त्याला तो विचारवेना. त्यांनीच फॉर्मकडे बोट दाखवून अजून काय राहिलं म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं वाचून दाखवला.

"हाव," पंचफुलाबाई म्हणाल्या. "झोप येते ना भाऊ. ते तं तुमच्याचमुळं."

त्यानं बेरीज केली. पन्नासपैकी चौदा. ऑपरेशनच्या आधी हाच आकडा बत्तीस होता. फॉर्मच्या हिशेबानं बाई निम्म्याहून अधिक सुधारल्या होत्या.

मग त्यानं त्यांचा हात हातात घेतला. बोटांची टोकं काळी पडली होती, दोन बोटांवर न भरणाऱ्या जखमा होत्या. ओठांभोवतीची कातडी आवळली होती, तोंड पुरतं उघडत नव्हतं. त्यानं मोबाइलवर फोटो काढले आणि मेडिसिनला असलेल्या त्याच्या बॅचच्या डॉ. वर्षाराणीला पाठवले. पोरांच्या पंगती बसेपर्यंत तिचा फोन आला. तिनं त्याच आजाराचं नाव सांगितलं आणि ताबडतोब घेऊन ये म्हणाली. नंतर जरा थांबून तिनं विचारलं, ऑपरेशनच्या वेळी ही बोटं तुला दिसली नव्हती का? पवन म्हणाला, दिसली होती.

दुसऱ्याच दिवशी त्यानं पंचफुलाबाईंना मेडिकलला आणलं. या खेपेला सगळ्या तपासण्या झाल्या. रक्तानं आजार पक्का केला. नवी नळी दोन महिन्यांपूर्वी आलेली होती. तिनं जोर मोजला तर अन्ननलिकेच्या खालच्या भागात लाट उठतच नव्हती, कागदावर सरळ रेघ आली. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसं खालून घट्ट झालेली दिसली. वर अडकलेलं अन्न श्वासनळीत उतरून त्यांची आणखी नासाडी झाली होती. वर्षाराणीनं समजावून सांगितलं, की आजार बरा होत नाही, त्याचा वेग कमी करता येतो, आणि त्यासाठीसुद्धा अंगात ताकद लागते. वेढा सोडवून पाऊण करता येईल. घास थोडाफार उतरेल, आम्लही वर येईल, आणि भूल देताना फुप्फुसांचा भरवसा नाही. न सोडवावा तर उपासमार होणार. सरांनी फिल्म पाहिली आणि सोडवू म्हणाले.

पुन्हा सही घ्यायची होती. पवन कागद घेऊन वॉर्डात गेला तेव्हा दुपारची भेटीची वेळ होती. जगदेव पलंगाच्या पायथ्याशी बसला होता, योगिनी आईचे पाय चेपत होती. पवननं सगळं सांगितलं. जगदेवनं ऐकून घेतलं.

"म्हंजे आता पाऊण करसान," तो म्हणाला.

"हाव."

"मंग तवाच काहून नाही केलं पाऊण?"

चिठ्ठी पूर्णची निघाली, असं सांगून पवनला सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. यंत्र बंद होतं, हेही खरं होतं. त्यानं दोन्ही सांगितलं. मग पंचफुलाबाई त्याच्याकडे बघत होत्या म्हणून की काय, त्यानं उरलेलंही सांगितलं. बोटं पाहिली होती, शंका आली होती, एक तपासणी करायला हवी होती, ती केली असती तर पूर्ण वेढा घातलाच नसता. ती केली नाही, कारण त्याला साठावा पेशंट पाहिजे होता.

योगिनीचे हात थांबले. शेजारच्या पलंगाजवळचे लोकही ऐकत होते.

"तुमी तं मले बोटाचं इचारलं होतं," पंचफुलाबाई म्हणाल्या. आवाज बसलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "म्या सांगतलं होतं."

"हाव मावशी."

"मंग म्या सांगून काय झालं?"

त्या त्याच्याकडे आणखी थोडा वेळ पाहत राहिल्या. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं, आपला हिशेब कुठं चुकला हे शोधणाऱ्या माणसासारखं काहीतरी होतं. जणू त्यांनीच जरा नीट, जरा जोरानं सांगायला पाहिजे होतं. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

जगदेवनं कागद मागितला, सही केली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता तुमी नका हात लावू तिले."

दुसरं ऑपरेशन सरांनी आणि दुसऱ्या एका डॉक्टरनं केलं. पवन बाहेर उभा होता. पहिला आठवडा बरा गेला. पंचफुलाबाईंनी वाटीभर पातळ भात खाल्ला, तेव्हा योगिनीनं जिन्यात गाठून पवनला सांगितलं. वडिलांच्या नकळत ती त्याच्याशी बोलायची, कारण रिपोर्ट समजावून सांगायला दुसरं कोणी थांबत नव्हतं. दहाव्या दिवशी आग परत आली. बाराव्या दिवशी ताप चढला आणि न्यूमोनिया झाला. आठ दिवस ऑक्सिजनवर काढल्यावर पोटातून आतड्यात नळी घातली आणि त्या नळीवाटे पातळ अन्न द्यायला योगिनीला शिकवून घरी सोडलं. घरी त्या पुन्हा भिंतीला टेकून बसल्या.

याच दिवसांत प्रबंधाची तारीख आली. पवननं सरांना सांगितलं, की एकोणीस पेशंटांचा जोर मोजलाच नव्हता, हे मला ठळक लिहायचं आहे, आणि साठाव्या पेशंटचं काय झालं तेही. सर त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की तसं लिहिलंस तर प्रबंध परत येईल, तुझी परीक्षा सहा महिने पुढं जाईल, विभागाची चौकशी लागेल आणि त्या बाईला त्यातून काही मिळणार नाही. वर्षाच्या तपासणीचा फॉर्म तू भरला आहेस, तो आकडा खरा आहे, तोच घाल. पवन दोन दिवस हॉस्टेलच्या खोलीत बसून राहिला. रिठदहून वडिलांचा फोन आला, की परीक्षेनंतर वाशीममध्ये दवाखान्यासाठी जागा बघू का. तिसऱ्या दिवशी त्यानं तो आकडा घातला. मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ राहिली, की काही रुग्णांमध्ये तांत्रिक कारणामुळे दाबमापन होऊ शकलं नाही. तीस जणांच्या सरासरीत पंचफुलाबाईंचे चौदा गुण मिसळून गेले. निष्कर्ष असा निघाला, की एका वर्षानंतर दोन्ही पद्धतींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळत नाही.

चैत्रात पंचफुलाबाई वारल्या. योगिनीनं फोन केला. सकाळी नळीतून मुगाचं पाणी दिलं, आई जरा बरं वाटतं म्हणाली, मग धाप लागली आणि मंगरुळपीरला न्यायला ऑटो येईपर्यंत संपलं. पवननं विचारलं, मी येऊ का. ती म्हणाली, बाबा घरात आहेत. तो गेला नाही.

परीक्षा झाली. तो पास झाला, प्रबंधाला चांगलं म्हटलं गेलं.

आता तो वाशीमला एका खाजगी दवाखान्यात सर्जन आहे. आम्लाचे पेशंट येतात, मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेले असतात आणि पूर्ण करू की पाऊण म्हणून विचारतात. तो आधी नागपूरला जाऊन जोर मोजून या म्हणतो. काही जातात. बरेचसे जात नाहीत, त्यांना दुसरा सर्जन आठवडाभरात ऑपरेशनची तारीख देतो. पवननं स्वतः अजून एकही वेढा घातलेला नाही. दवाखान्याचे मालक दोनदा कारण विचारून गेले.

मागच्या महिन्यात ओ.पी.डी.त जगदेव आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ रामकिसन होता, पोटात गोळा आल्यासारखं वाटतं म्हणून. जगदेवला वाशीममध्ये दुसऱ्या कुठल्या सर्जनचं नाव ठाऊक नव्हतं, एवढंच. पवननं योगिनी कशी आहे विचारलं. शाळेतल्या कामावर आता तिचंच नाव लागलं आहे, असं जगदेवनं सांगितलं, आणि तिच्याबद्दल आणखी बोलायची त्याची इच्छा दिसली नाही.

पवननं रामकिसनला तपासलं. गोळा खरंच हाताला लागत होता. त्यानं काय काय शंका येते, कोणकोणत्या तपासण्या लागतील, त्यातली एकही सोडून का चालणार नाही, हे अर्धा तास समजावून सांगितलं. जगदेवनं ते सगळं कागदावर लिहून मागितलं. पवननं मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं. जगदेवनं कागद उलटसुलट पाहिला.

"आनखी कोनाले दाखवतो," तो म्हणाला.

"दाखवा," पवन म्हणाला. "पन लवकर दाखवा, काका."

जगदेवनं भावाला दंडाला धरून उठवलं. दोघं गेले. पुढचे पंधरा दिवस पवन सकाळची पेशंटांची यादी आली की आधी त्यात रामकिसनचं नाव शोधत होता. ते आले नाहीत. जगदेवचा नंबर त्याच्याकडे नव्हता. योगिनीचा होता. त्यानं लावला, तर तो बंद झालेला होता.